बिजलीचं वजन

कुत्र्यांना व्यायाम कसा द्यायचा, याचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं आहे. सोनेरी काठाचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग पोटाकडे बघतो आणि विचारतो, "कुत्र्यायले व्यायाम? काऊन जी?" आमच्या भागात कुत्रं सकाळी घरातून निघतं, दिवसभर गावाच्या चौकशा करतं आणि संध्याकाळी परत येतं. त्याला आणखी कसला व्यायाम, असं लोकांना वाटणं साहजिक आहे. मलाही वाटायचं.

मी पोलिसांच्या श्वानपथकात एकवीस वर्षं काढली, त्यातली बरीच गडचिरोलीकडे. माझा बाप चंद्रपूरला बांगड्यांचं दुकान चालवायचा. सहा भावंडांत मी एकटा खाकीत गेलो आणि खाकीतही कुत्र्यांकडे गेलो, याचं त्याला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं. काम तसं सोपं असतं. एक कुत्रं, एक हँडलर. त्याला खाऊ घालायचं तुम्ही, अंगावर ब्रश फिरवायचा तुम्ही, त्याच्या शीची तपासणीही तुम्हीच करायची. दुसऱ्या कोणी लाडानं बिस्कीट दिलं तरी ते खायचं नाही, हे त्याला पहिल्या वर्षात शिकवायचं. चोरानं टाकलेली चप्पल हुंगवली की लांब दोरीला ओढ देत ते पुढे निघतं आणि तुम्ही मागे. दोरी ताठ असली की समजायचं, माग पक्का आहे. ढिली पडली की समजायचं, कुत्र्याच्या डोक्यात काही दुसरं आलं.

माझ्या कुत्रीचं नाव बिजली. पिवळसर लॅब्रॅडॉर. पिल्लू असताना नाव शोभत होतं. पाचव्या वर्षी ती दारातून आत आली की आधी दार भरायचं आणि मग बिजली यायची. नाक मात्र तिचं असं की तेंदूपत्त्याच्या फडावरून सायकल चोरणारा माणूस तिनं दोन नाले ओलांडून, न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना पकडला होता. न्हावी बिचारा उरलेली अर्धी करू की नको विचारत होता.

दर महिन्याला आम्ही कुत्र्यांचं वजन धान्याच्या काट्यावर करायचो. कुत्रं काट्यावर एकटं उभं राहत नाही. म्हणून आधी हँडलर एकटा चढायचा, मग कुत्र्याला कवेत घेऊन चढायचा, आणि वजाबाकी केली की कुत्रं. बिजली एकतीस किलोच्या वर जायला नको होती. जानेवारीत ती तेहेतीस भरली. मी म्हटलं, साहेब, मधल्या वेळात मी पाणी प्यालो. आमचे पथकप्रमुख रामटेके साहेब म्हणाले, "सलीम, दोन लिटर प्याला का बे तू?"

मग त्यांनी मला बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगितली. मे महिन्यात बाहेरचे अधिकारी येणार होते. वजन, धाव, अडथळे आणि माग, अशी परीक्षा होती. जे कुत्रं नापास होईल ते पथकातून कमी. कमी झालेलं कुत्रं कुठे जातं, हे मी आधी पाहिलेलं होतं. कोणाच्या तरी फार्महाऊसच्या फाटकाला साखळीनं बांधलेलं. एकदा त्या वाटेनं जाताना पथकातला राजा नावाचा जुना कुत्रा मला ओळखून असा रडला होता की मी पुन्हा ती वाट धरली नाही. बिजलीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

त्याच आठवड्यात ते परिपत्रक आलं. कुत्र्यांची शारीरिक क्षमता वाढवण्याच्या प्रशिक्षणाला हँडलरनं जावं, खालील तीनपैकी एक निवडावं आणि शुक्रवारपर्यंत कारणासहित कळवावं. पहिलं उत्तरेकडे, दीड महिन्याचं, थंडीतलं. ते मी वाचतानाच सोडलं. दुसरं पुण्याला एका खाजगी सरांकडे, दहा दिवसांचं. त्याच्यासोबत गुळगुळीत कागदाचं रंगीत पत्रक होतं आणि पत्रकावर एक कुत्रं चालत्या पट्ट्यावर पळत होतं, तेही हसत. तिसरं धानोऱ्याला, आत्राम नावाच्या निवृत्त गुरांच्या डॉक्टरकडे, तीन दिवसांचं. त्याची माहिती अर्ध्या पानावर टाईप केलेली, आणि त्यात "येताना आपले कुत्रे व डबा सोबत आणावा" असं लिहिलेलं.

मी दोन दिवस विचार केला असं दाखवलं. खरं तर ते हसणारं कुत्रं पाहिलं तेव्हाच माझं ठरलं होतं.

रामटेके साहेबांनी विचारलं, "धानोऱ्याचा काऊन नाई घेत? जवळ आहे."

"साहेब, धानोऱ्याले तर आपण रोजच जाऊन राह्यलो. तिथी काय नवीन शिकणार?"

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, "आधुनिक पद्धत".

घरी बायकोला सांगितलं. माझी बायको जुबेदा पाच वक्ताची नमाजी. माझ्या नोकरीशी तिचा करार पहिल्या दिवशीच झाला होता. अंगणातल्या नळावर हातपाय धुवायचे, कुत्र्याचे केस लागलेला गणवेश बाहेरच्या खुंटीला टांगायचा, धुतलेले कपडे घालायचे, मगच उंबरा ओलांडायचा. तिनं बिजलीला कधी हात लावला नव्हता, पण दोघी एकमेकींना फाटकाच्या गजांतून ओळखत होत्या. ती म्हणाली, "कुत्रीले कसरत शिकवाले पुण्याले जाता? आन् तुमचं काय? जिना चढले तर तुमाले दम लागते."

मी म्हटलं, माझ्यासाठी परिपत्रक आलेलं नाही.

पुण्याला आमच्या वर्गात आठ कुत्री होती. एक स्वेटर घातलेलं, एक ढोपराएवढं उंच पण बसएवढं लांब, एक असं केसाळ की त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते त्यानं खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. मालक सगळे सुशिक्षित. एका बाईंनी मला विचारलं, "तुमची ही कुणाकडे जाते, ग्रूमिंगला?" मी म्हटलं, "ती चोरांकडे जाते." त्यानंतर त्या बाई माझ्याशी फार आदरानं वागल्या आणि पर्स मांडीवर घेऊन बसू लागल्या.

सर स्वतः काटक, पांढऱ्या बुटांचे. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला ध्येय विचारलं. कोणाला कुत्र्याची चाल सुंदर करायची होती, कोणाला स्पर्धेत उतरवायचं होतं. माझी पाळी आली. मी म्हटलं, "नोकरी टिकवायची आहे."

"कुणाची?"

"दोघांची."

सर हसले नाहीत. त्यांनी वहीत लिहून घेतलं. या माणसाला मी जन्मभर नावं ठेवू शकलो नाही, त्याचं कारण तेच.

आणि शिकवलंही त्यांनी चांगलं. कुत्र्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला तर बरगड्या लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं तर कंबर दिसली पाहिजे. बिजलीला वरून एकदा पाहून त्यांनी दुसऱ्या बाजूनं जाऊन पुन्हा पाहिलं. पळवण्याआधी अंग गरम करायचं. जमिनीवर ओळीनं काठ्या ठेवून त्यांवरून सावकाश चालवायचं, म्हणजे मागचे पाय मजबूत होतात. पुढचे दोन पाय पाटावर ठेवून उभं करायचं. हवेच्या गादीवर तोल सांभाळायला लावायचं. धाव नेहमी सकाळी, मऊ जमिनीवर. आणि धावेच्या शेवटी दहा मिनिटं दोरी सोडून द्यायची.

हा शेवटचा मुद्दा म्हणजे सरांचं स्वतःचं संशोधन. ते म्हणाले, "त्या दहा मिनिटांत तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आपल्या नजरेचं कुत्र्याला ओझं होतं. पाठ फिरवून बसा. तिचा आनंद तिला शोधू द्या."

मी ते वाक्य लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

परत आलो तेव्हा बिजली बत्तीस भरली. एक किलो उतरली! मी सरळ कामाला लागलो. काठ्या म्हणून बांबू आणले. हवेच्या गादीऐवजी ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये भाताचं तणस भरून बिजलीला त्यावर उभं केलं. पथकातले सगळे कठड्यावर बसून बघायचे. "सलीमभाऊ, तिकीट लावा ना जी!" मी लक्ष दिलं नाही. पुण्याहून शिकून आलेल्या माणसानं कोणाकोणाकडे लक्ष द्यायचं?

मऊ जमीन शोधली ती मुख्यालयाच्या मागे, दोन किलोमीटरवर. सागाचं जंगल विरळ होत जातं आणि एका गावाची मोहाची झाडं लागतात. खाली पानगळ जाळून, झाडून जमीन कशी अंगणासारखी केलेली. मी म्हटलं, वा. दिवस वर आला की बिजलीला पळवत तिथे न्यायचं, दोरी सोडायची आणि बांधावर पाठ फिरवून बसायचं. घड्याळ लावून दहा मिनिटं. मागे वळून बघायची फार इच्छा व्हायची. पण मी प्रशिक्षित माणूस होतो.

मार्च अर्धा उलटेपर्यंत काही फरक दिसला नाही. मग बिजलीत बदल दिसू लागला. सकाळी मी पोचण्याआधीच ती उठून पथकाच्या फाटकाशी उभी राहायची. शेवटचा अर्धा किलोमीटर तर ती अशी ताणायची की माझे खांदे दुखायचे. दहा मिनिटांनी परत यायची तेव्हा शेपटी हलते आहे, डोळे चमकताहेत, तोंडाला गोड वास. मी साप्ताहिक अहवालात लिहिलं, "श्वानाच्या उत्साहात व दमात लक्षणीय सुधारणा."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काट्यावर चढलो. बिजली चौतीस.

मी काटा तपासायला लावला. धान्यवाला म्हणाला, "भाऊ, माझ्या काट्यावर सारा तालुका तोलून राह्यला. कुत्रीच जड आहे." मी तिचा भात कमी केला होता, दूध बंद केलं होतं, धाव वाढवली होती. जेवढी धाव वाढवत होतो तेवढं वजन वाढत होतं. रामटेके साहेबांनी अहवाल वाचला, वजन वाचलं, पुन्हा अहवाल वाचला. "उत्साह तर वाढला म्हणते," एवढंच म्हणाले. त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. जुबेदानं विचारलं. मी फार्महाऊसच्या फाटकाची गोष्ट तिला पहिल्यांदा सांगितली.

दुसऱ्या दिवशी मी बांधावर पाठ फिरवून बसलेलो असताना मागून बाईमाणसाचा आवाज आला.

"ओ पोलीस! ते तुमचं डुक्कर आहे का जी?"

वळून पाहिलं. पन्नाशीची एक बाई, काखेत टोपली, दुसऱ्या हातात काठी. तिच्यामागे झाडाखाली बिजली. मान खाली, कान हलताहेत, आणि पिवळी मोहफुलं टपाटप उचलून खाते आहे. इतकी मन लावून की एखादं फूल वरून पाठीवर पडलं तरी वर बघत नव्हती. जंगलात राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. मोहाचं फूल म्हणजे गोडीचा गोळा. अस्वल खातं, हरीण खातं, माणूस वाळवून वर्षभर खातो. कुत्रं खातं हे मात्र बांगडीवाल्याच्या पोराला माहीत नव्हतं. मी तिला रोज चार काठ्या ओलांडायला लावून थेट हलवायाच्या दुकानात सोडत होतो, आणि वर पाठ फिरवून बसत होतो.

बाईचं नाव सोनाबाई. मी माफी मागू लागलो तर ती म्हणाली, "माफीचं मग पाहू. आधी गावात चाला."

वाटेत तिनं सगळं सांगितलं. त्या गावात मोहाची झाडं घराघरांची ठरलेली. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. सोनाबाई पहाटे एकदा वेचून टोपली घरी टाकायची आणि उन्हं चढताना पुन्हा यायची, कारण फुलं सकाळभर पडत राहतात. तीन आठवडे झाले, दुसऱ्या खेपेला झाडाखाली काही नसायचं. गुरांचे खूर नाहीत, अस्वलाची खूण नाही. शेजारचं झाड तिच्या जावेचं. मग संशय कोणावर जाणार? दोघी जावा, एका चुलीवर शेकलेल्या, तीन आठवडे एकमेकींशी बोलत नव्हत्या. जावेनं तर जेवणही टाकलं होतं.

गावात वीसेक माणसं जमली. मी आणि बिजली मधे. सोनाबाईनं बिजलीपुढे मूठभर मोह टाकला. परक्याच्या हातचं न खाण्याचं शिक्षण घेतलेल्या माझ्या कुत्रीनं तो मातीसकट साफ केला आणि आणखी आहे का म्हणून सगळ्यांकडे पाहिलं.

जावेनं पदर खोचला. "पोलिसाचं कुत्रं चोर पकडते म्हणून आयकलं होतं. हे तं सोताच!"

सगळं गाव हसलं. मीही हसलो असतो, पण ती पुढे म्हणाली, "हसा तुमी. तीन आठवडे मले चोर म्हटलं घरातल्या माणसानं." आणि ती रडायला लागली. सोनाबाई जागची उठली, तिच्याजवळ जाऊन बसली, आणि मग दोघीही रडल्या. बिजलीनं जाऊन जावेचा हात चाटला. त्या हाताला मोहाचा वास होता, हे मी त्या वेळी सांगितलं नाही.

गावच्या म्हाताऱ्यानं निवाडा दिला. खोटा आळ जावेनं सोसला, म्हणून पंधरा सकाळी मी तिच्या झाडाखाली मोह वेचायचा, टोपली भरून तिच्या दारात ठेवायची. आणि कुत्रीनं तिथेच बसायचं, पण खायचं नाही. मी म्हटलं, ती कशी बसेल? म्हातारा म्हणाला, "ते तुमचं शिक्षण, भाऊ."

त्याच दुपारी मी धानोऱ्याला आत्राम डॉक्टरांकडे गेलो. बाजेवर बसून ते सुपारी कातरत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझ्या वर्गात पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हेच सांगतो मी. मोहाच्या दिवसात कुत्रं झाडाखाली मोकळं सोडू नका. पुण्याच्या सरले मोह कुठून माहीत राहणार? त्यायचा काय दोष?" मग त्यांनी मला त्या तीन दिवसांचं शिक्षण अर्ध्या तासात दिलं. डबा नेला नव्हता, म्हणून जेवूही घातलं.

त्या पंधरा सकाळी मी जन्मात विसरणार नाही. एकेक फूल वाकून वेचायचं. अर्ध्या टोपलीत कंबर बोलू लागते. बिजली ढिगापाशी बसलेली, तोंडातून लाळेची तार, डोळे माझ्यावर. "नको" म्हटलं की मान फिरवायची, पण अशी फिरवायची की मला वाटावं, मी कसाई आहे. पहिल्या दिवशी तिनं सात वेळा तोंड घातलं. दहाव्या दिवशी एकदा. शेवटच्या तीन दिवसांत एकदाही नाही. जावा दोघी शेजारच्या झाडाखालून आमची मजा बघत, आणि माझी टोपली हळू भरते म्हणून स्वतःच्या ओंजळी त्यात टाकत.

महिनाअखेरीस काट्यावर चढलो. बिजली बत्तीस. मी स्वतः चार किलो उतरलो होतो. त्याची कोणी नोंद घेतली नाही.

परीक्षेच्या सकाळी मी निघताना जुबेदा जानमाजच्या चटईवरून उठली. "दुआ केली मी तिच्यासाठी," ती म्हणाली. माझं तोंड बघून चिडली. "काऊन? उंबऱ्याच्या आत येत नाई म्हणून काय दुआतही घ्यायची नाई तिले?"

अधिकारी उंच, मितभाषी. वजनात बिजली एक किलो जास्त भरली. त्यांनी भुवया उचलल्या, म्हणाले, बाकी बघू. धावेत ती नीट पळाली. अडथळे पार केले, बांबूंवर सराव झालेला पाय कुठे अडला नाही. शेवटी माग. पाऊण तासापूर्वी चालून गेलेल्या माणसाचा रुमाल हुंगवला आणि बिजली निघाली. दोरी ताठ. माग काढताना हँडलरनं एक शब्द बोलायचा नाही, बोललात की नापास.

वाट नाल्याकडे वळली. नाल्याकाठी एक मोहाचं झाड होतं. सगळ्या जंगलाचा मोह संपला होता, पण हे एक उशिरा फुललेलं. खाली फुलांचा सडा. आणि रुमालवाला माणूस नेमका त्याच्या खालून गेलेला.

बिजली थांबली. मान खाली गेली. दोरी ढिली पडली.

"नको" म्हणायची बंदी. अधिकारी दहा पावलांवर. मला ते बघवेना. मी दोरी मुठीत धरून सरळ पाठ फिरवली. पथकातल्या लोकांना वाटलं, ही पुण्याची काही पद्धत असेल. मी फक्त मुठीतली दोरी सांभाळत होतो आणि ती ढिलीच होती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग दोरीला झटका बसला आणि मी पाठमोराच दोन पावलं ओढला गेलो. बिजली नाल्यात उतरली होती. रुमालवाला पलीकडच्या दगडामागे सापडला.

अधिकाऱ्यांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मी वाचलं नाही. पास, एवढं वाचलं. जाताना त्यांनी विचारलं, "प्रशिक्षण कुठे घेतलंत?" मी म्हटलं, "पुण्याला, साहेब. आणि थोडं इथं."

बिजलीनं त्यानंतर चार वर्षं नोकरी केली. निवृत्त झाली तेव्हा हँडलरला पहिला हक्क असतो, म्हणून मी अर्ज केला. जुबेदा म्हणाली, "उंबऱ्याच्या आत नाई, पण सारं अंगण तिचं." अंगणात तिनं स्वतःच्या हातानं गोणपाट अंथरलं.

पुढच्या मार्चमध्ये मी बिजलीला घेऊन सोनाबाईकडे गेलो. बिजलीचं तोंड पांढरं झालं होतं, मागचे पाय थरथरायचे. झाडाखाली ताजा मोह पडलेला. मी दोरी सोडली आणि म्हटलं, जा, आता तुझंच आहे सगळं. ती सावकाश चालत ढिगापाशी गेली, आणि बसली. मान फिरवून माझ्याकडे बघत राहिली. "खा," म्हटलं मी. ती हलली नाही. दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. मी शिकवलेलं तिच्यात असं बसलं होतं की आता माझ्याच्यानं निघत नव्हतं. माझे डोळे भरून आले. एवढं चांगलं मी तिला का शिकवलं, असं पहिल्यांदा वाटलं.

सोनाबाईनं ओंजळभर फुलं उचलून तिच्या तोंडापुढे धरली. "खाय वो बाई. आता तुले कोण तोलते?"

बिजलीनं फुलं हुंगली. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे मला आठवलं. मी बांधावर गेलो आणि पाठ फिरवून बसलो. थोड्या वेळानं मागून तिच्या खाण्याचा आवाज येऊ लागला.